मीटरचा बल्ब, दहा रुपये आणि आपल्या मुलांचे हात



आजचा विषय वाचून काहींना हसू येईल. शैक्षणिक लेख म्हणायचा आणि त्यात मोटारसायकलच्या मीटरमधला बल्ब कसा बदलायचा ते सांगायचं, हे काय नवीन? पण शेवटपर्यंत वाचा. हा विषय तुमच्या-माझ्या वर्गापासून फार लांबचा नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गाडीच्या मीटरचा बल्ब उडाला तर तो घरीच बदला आणि बदलताना मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. चार पैसे वाचतात हे खरंच, पण मोठा फायदा वेगळा आहे. वस्तू उघडून बघणं, तिच्यावरचा आकडा वाचणं, बिघाड कुठे आहे ते शोधणं आणि दुरुस्त करून तपासणं, हे शिक्षण आपल्या घरांतून आणि शाळांतूनही हळूहळू निघून चाललंय. ते परत आणायला दहा रुपयांचा बल्ब पुरतो.

अंधारातलं मीटर ही छोटी गोष्ट नाही

आमचं वळसंग दक्षिण सोलापूर तालुक्यात, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर. पहाटे दूध घालायला जाणारे, सोलापूरला कामाला जाणारे, संध्याकाळी उशिरा परत येणारे, सगळ्यांचा भरवसा मोटारसायकलवर. घराघरात एक तरी गाडी आहेच. आणि कितीतरी गाड्यांचं मीटर रात्री काळंकुट्ट असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "चालतंय की, काय अडतंय?"

अडतं ते असं. मीटरमध्ये एकच दिवा नसतो. काटा दिसावा म्हणून एक किंवा दोन बल्ब असतात. शिवाय न्यूट्रलचा हिरवा दिवा, हेडलाइटचा झोत वर असल्याचं सांगणारा निळा दिवा आणि इंडिकेटरचा दिवा. निळा दिवा बंद असेल तर आपला झोत वर आहे हे आपल्याला कळत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. इंडिकेटरचा दिवा बंद असेल तर वळण झाल्यावरही इंडिकेटर तसाच लुकलुकत राहतो आणि मागचा माणूस फसतो. न्यूट्रलचा दिवा बंद असेल तर गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊन पुढे उडी मारू शकते. काटाच दिसत नसेल तर वेग किती हे अंदाजानेच ठरवायचं. पेट्रोलचा काटा दिसत नसेल तर रात्री मधेच गाडी ढकलायची पाळी येते.

उसाच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. काही ट्रॉल्यांना मागे लाल दिवासुद्धा नसतो. अशा रस्त्यावर आपला वेग आपल्याला माहीत असणं म्हणजे काय, हे तिथून रोज येणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग माणसं बल्ब का बदलत नाहीत? माझ्या मते कारण पैशाचं नाही. साधा मीटर बल्ब दहा-वीस रुपयांत मिळतो. पण एवढ्याशा कामासाठी गाडी गॅरेजला लावायची, अर्धा दिवस घालवायचा, मेकॅनिकही म्हणणार "उद्या या", म्हणून काम राहून जातं. आणि स्वतः करावं म्हटलं तर "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" हा शेवटचा प्रश्न मला शिक्षक म्हणून जास्त टोचतो. दहावी-बारावी झालेला, विज्ञानात बरे गुण मिळवलेला माणूस एका बल्बसमोर असं म्हणतो, तेव्हा आपण त्याला शाळेत काय शिकवलं?

आधी निदान, मग पाना

काम सोपं आहे, पण क्रमाने करायचं. मुलांना हा क्रमच शिकवायचा आहे. पाना हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारा.

१. एकच दिवा गेलाय की सगळे? एकच गेला असेल तर बहुधा बल्ब. सगळेच गेले असतील, मागचा लाल दिवाही पेटत नसेल, तर फ्यूज किंवा वायरिंग बघायला हवं.

२. इंजिन बंद असताना बघताय की चालू? जुन्या कमी सीसीच्या कितीतरी गाड्यांत हेडलाइट आणि मीटरचा उजेड बॅटरीवर नसून इंजिन फिरताना तयार होणाऱ्या विजेवर चालतो. अशा गाडीत नुसती चावी फिरवून मीटर पेटत नाही, इंजिन सुरू करावं लागतं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू झालं की आपोआप पेटतो आणि त्याला वेगळं बटण नसतं, हे तर मुलांनीही पाहिलेलं असतं.

३. हा बल्ब पुन्हा पुन्हा उडतोय का? महिन्यात दोनदा बल्ब गेला तर दोष बल्बचा नसण्याचीच शक्यता जास्त. विजेचा दाब आवरणारा रेग्युलेटर बिघडला की बल्ब एकामागून एक जातात. ते काम मेकॅनिकचंच.

बघा, हे तीन प्रश्न म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातलं निरीक्षण, अनुमान आणि पडताळणीच की. पुस्तकात ते शब्द राहतात. इथे मूल ते डोळ्यांनी बघतं.

काम असं करायचं

आता प्रत्यक्ष कृती. गाडीनुसार थोडा फरक पडतो, तेव्हा गाडीसोबत मिळालेलं पुस्तक आधी उघडा. मीटरचा बल्ब किती वॅटचा, हे बहुतेक त्यात दिलेलं असतं. पुस्तक कपाटात कुठेतरी पडून असेल. शोधण्याचं काम मुलांकडे द्या, ती बरोबर शोधतात.

१. गाडी सपाट जागी, उजेडात, डबल स्टँडवर लावा. इंजिन गार होऊ द्या. चावी काढून खिशात ठेवा.

२. लागणारं सामान थोडंच आहे. स्क्रू ड्रायव्हर, दहा नंबरचा पाना, थोडा बारीक पॉलिश पेपर, कोरडं फडकं आणि एक वाटी. वाटी स्क्रूंसाठी. ती मुलाच्या हातात द्या आणि सांगा, "निघालेला एकही स्क्रू खाली पडता कामा नये." हे काम लहान वाटतं, पण अर्धी दुरुस्ती तिथेच असते.

३. मीटरपर्यंत पोचायला काही गाड्यांत हेडलाइटचा पुढचा व्हायझर काढावा लागतो, तर काही गाड्यांत मीटरच्या खालून हात जातो. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर एक फोटो काढा. कोणती वायर कुठे होती हे लक्षात ठेवायची गरज उरत नाही.

४. मीटरच्या मागे रबरी बुचासारखे होल्डर बसवलेले दिसतील. होल्डर धरून हळू मागे ओढा. वायर धरून ओढायचं नाही, तुटते.

५. होल्डरमधून बल्ब काढा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चपट्या काचेच्या बुडाचा बल्ब असतो. दुकानात त्याला कॅपलेस बल्ब म्हणतात. तो सरळ ओढला की निघतो. जुन्या काही गाड्यांत पितळी टोपीचा, बाजूला दोन बारीक खिळे असलेला बल्ब असतो. तो थोडा दाबून फिरवला की निघतो.

६. बल्ब उजेडाकडे धरून बघा. तार तुटलेली दिसेल किंवा काच आतून काळपट झालेली असेल. तार शाबूत असेल तर बल्ब फेकू नका. होल्डरच्या पत्र्यावर हिरवट मळ साचलाय का बघा. पॉलिश पेपरने हलकेच घासलं की पुष्कळदा तोच बल्ब पुन्हा पेटतो आणि दहा रुपयेही लागत नाहीत.

७. नवा आणायचा तर जुना बल्ब सोबत न्या. त्यावर १२ व्होल्ट आणि ३.४ वॅट किंवा १.७ वॅट असं काहीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तोच आकडा, तोच आकार घ्या. "जास्त उजेड पडेल" म्हणून मोठ्या वॅटचा बसवू नका. उष्णतेने मीटरचं प्लास्टिक वितळतं.

८. बसवल्यावर व्हायझर लावण्याआधी तपासा. चावी लावा, गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करा, गरज पडली तर इंजिन सुरू करा. इंजिन उघड्यावरच सुरू करायचं, बंद खोलीत नाही. सगळे दिवे एकेक करून बघा, मगच स्क्रू आवळा.

एलईडीचा बल्ब बसवायचा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या बल्बला वीज कुठल्याही बाजूने चालते, एलईडीला दिशा असते. पेटला नाही तर काढून उलटा बसवा. आणि इंजिनच्या विजेवर थेट चालणाऱ्या जुन्या गाडीत तो लुकलुकण्याची शक्यता असते. तिथे साधा बल्बच बरा.

काही ठिकाणी मात्र हात घालू नका. पूर्ण डिजिटल मीटरमध्ये एलईडी आतल्या पट्टीवर डाक देऊन बसवलेले असतात, ते घरी बदलायचं काम नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मीटर उघडू नका. आपल्याला काय जमत नाही हे ओळखणंही मुलांनी आपल्याकडूनच शिकायचं असतं.

एका बल्बात किती पाठ बसतात

आता शिक्षक मित्रमैत्रिणींसाठी. उडालेले दोन-तीन मीटर बल्ब आणि एक चांगला बल्ब, एवढं साहित्य वर्गात आणा. कोणत्याही गॅरेजवाल्याकडे मागितले तर उडालेले बल्ब फुकट मिळतात. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि वायरचे दोन तुकडे घेतले की चांगला बल्ब मंद का होईना पेटतो. पूर्ण परिपथ आणि तुटलेला परिपथ समजावण्यासाठी यापेक्षा स्वस्त साहित्य मला तरी माहीत नाही. चांगला बल्ब पेटतो, उडालेला पेटत नाही आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते. फळ्यावर आकृती काढायची गरज नंतर पडते.

भिंग असेल तर तार भिंगातून दाखवा. ती टंगस्टनची असते. लोखंड सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळतं, टंगस्टन ३४०० अंशांच्या पुढे. म्हणून ती तार पांढरीपिवळी तापली तरी टिकते. बल्बमधली हवा का काढून टाकतात, हे मुलांना विचारा. हवेतला ऑक्सिजन असता तर तापलेली तार लगेच जळून गेली असती. आणखी एक गंमत सांगा. बल्ब बहुतेक वेळा चालू करतानाच का उडतो? गार तारेतून सुरुवातीला जास्त वीज वाहते आणि झिजलेली तार तो झटका सोसत नाही. घरातला साधा पिवळा बल्ब बटण दाबताना "टक्" करून गेलेला मोठ्या माणसांनी पाहिलेला असतो. हल्लीच्या मुलांनी तो बल्बच पाहिलेला नाही. मीटरचा बल्ब हा त्यांना हातात घेऊन बघता येणारा जुन्या पद्धतीचा दिवा आहे.

गणितही तयारच आहे. ३.४ वॅट आणि १.७ वॅट, कोण कोणाच्या किती पट? ३.४ भागिले १२ केलं की साधारण ०.२८ अँपिअर येतं. ३.४ वॅटच्या जागी १० वॅटचा बल्ब लावला तर उष्णता साधारण किती पट होईल? दशांश अपूर्णांक मुलांना एरवी हवेतले वाटतात. इथे दशांश चिन्ह चुकलं की प्लास्टिक वितळतं, हे त्यांना लगेच पटतं.

भाषेचा पाठ तर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आमचा भाग कर्नाटकच्या सीमेजवळचा. कितीतरी मुलांच्या घरी कन्नड आणि शाळेत मराठी. अशी मुलं वर्गात गप्प बसतात आणि आपण त्यांना कच्ची समजतो. मी बल्ब वर्गात आणले तेव्हा असाच एक मुलगा, महिना-महिना तोंड न उघडणारा, उठून पुढे आला. बल्ब खिडकीकडे धरून म्हणाला, "मॅडम, ह्याची तार तुटलीय ओ. हे बघा, हिथं." मग तो पाच मिनिटं बोलत राहिला. होल्डर कसा काढायचा, वायर कुठली धरायची नाही, सगळं त्याला माहीत होतं. मधेच शब्द अडला की कन्नड शब्द वापरायचा, बाकीची मुलं मराठी शब्द पुरवायची. त्या दिवशी मराठीचा तास कुणी घेतला, सांगा बरं?

त्या मुलाला आपल्या चाचणीत किती गुण पडतात, हे तुम्ही ओळखलं असेलच. मला तीच गोष्ट मांडायची आहे. ज्याच्या हाताला काम कळतं तो आपल्या वर्गात ‘ढ’ आणि ज्याला काम कळत नाही पण व्याख्या पाठ आहे तो हुशार. ही मोजपट्टी आपणच बनवली आहे, तेव्हा ती बदलायचं कामही आपलंच.

"अभ्यास सोडून हे कशाला?"

पालक दोन-तीन आक्षेप घेतात. ते बरोबर ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा, "मॅडम, आमचे हात काळे झाले, पोराचे व्हायला नकोत म्हणून तर शाळेत घातलंय." हे म्हणणारा माणूस आयुष्यभर राबलेला असतो. त्याचं दुःख खरं आहे. त्याला उपदेश करायचा आपल्याला अधिकार नाही. पण एवढं जरूर सांगावं की मुलाला गॅरेजमध्ये कामाला लावा असं कुणीच म्हणत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. घरच्या गाडीशेजारी अर्धा तास बसून वाटीत स्क्रू सांभाळणं वेगळं आणि शाळा सोडून दिवसभर गाड्या धुणं वेगळं. पुढे इंजिनिअर व्हायचं असलं तरी हात आधी वळलेला बरा.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तोही रास्त आहे. मोटारसायकलची १२ व्होल्टची वीज सहसा झटका देत नाही, पण दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर त्या तापून जळतात. म्हणून चावी काढूनच काम करायचं आणि मोठं माणूस शेजारी हवंच. स्पार्क प्लगच्या वायरला मुलांनी कधीही हात लावायचा नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात. आणि घरातल्या बटणाच्या बोर्डाला तर मुळीच नाही. मोटारसायकलवर शिकलेलं मूल धीट होऊन घरचा बोर्ड उघडायला जाऊ शकतं, म्हणून १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट यांतला फरक त्याच दिवशी, त्याच जागी सांगा. ‘हात लावू नको’ एवढंच म्हटलं तर मूल आपल्या पाठीमागे हात लावतं. कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे कारणासकट सांगितलं तर सहसा ऐकतं.

तिसरा आक्षेप मेकॅनिकच्या पोटाचा. सगळेच घरी करायला लागले तर त्याने काय खायचं? मी आमच्या गावातल्या मेकॅनिकशी बोलले. दहा रुपयांच्या बल्बासाठी अर्धा तास मोडतो, त्याची मजुरी मागायची त्यालाच लाज वाटते. इंजिनचं, क्लचचं, वायरिंगचं काम त्याच्याकडेच राहणार. उलट स्वतः एकदा स्क्रू उघडलेल्या माणसाला मेकॅनिकच्या कामाची किंमत कळते. मग तो मजुरीवरून घासाघीस कमी करतो.

चौथा आक्षेप कुणी तोंडाने बोलत नाही, पण वागण्यात दिसतो. हे काम मुलींचं नाही म्हणे. मी स्पेअर पार्टच्या दुकानात मीटर बल्ब मागायला गेले, तेव्हा दुकानदार म्हणाले, "सरांना पाठवा ना मॅडम, तुम्हाला त्यातलं नाही कळायचं." मी पर्समधून जुना बल्ब काढून काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "१२ व्होल्ट, ३.४ वॅट, कॅपलेस. दोन द्या." त्यांनी मुकाट्याने दिले. आज आपल्या मुली स्कूटीवर कॉलेजला जातात, शिक्षिका आणि परिचारिका रात्री-अपरात्री एकट्या गाडी चालवतात. गाडी चालवायला चालते, पण उघडायला चालत नाही, हा कुठला न्याय? घरात मुलगा आणि मुलगी दोघं असतील तर वाटी मुलाकडे आणि स्क्रू ड्रायव्हर मुलीकडे द्या. एकदा द्या, मग बघा.

हा विचार नवा नाही

कुणाला वाटेल, हे बाईंच्या डोक्यातलं खूळ आहे. तसं नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या उद्योगातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, हा विचार देशापुढे आला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून ते खेड्यात आले आणि शाळेत न रमणाऱ्या मुलांना प्रत्यक्ष कामातून विज्ञान शिकवू लागले. तिथून तयार झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे अनेक माध्यमिक शाळांत गेला. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवली, ती आपण सगळ्यांनी कधी ना कधी वर्गात वापरली आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावं, अशी कल्पना आहे. त्या यादीत गावचा मेकॅनिक का नसावा? एका दिवशी त्याला शाळेत बोलवा, खुर्ची द्या, मुलांसमोर ‘आजचे पाहुणे शिक्षक’ म्हणून ओळख करून द्या. त्याचा स्वतःचा मुलगा त्या वर्गात असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे जरा बघा.

दुरुस्तीचा प्रश्न आता जगभर निघालाय. वस्तू मुद्दाम अशा बनवल्या जातात की त्या उघडूच नयेत, एक छोटा भाग गेला तरी पूर्ण संच बदलावा. मीटरचंच बघा, बल्बाला दहा रुपये आणि पूर्ण मीटर बदलायचं म्हटलं तर कित्येक शेकडे. आपल्या देशात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे चार विभाग त्यात आहेत. पण हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरायला हात लागतात. स्क्रू ड्रायव्हर कधी धरलाच नाही अशा पिढीला दुरुस्तीच्या हक्काचा काय उपयोग?

डी.एड.ला आपण सगळ्यांनी कार्यानुभव शिकलाय. पुढे शाळेत त्या तासाचं काय होतं, हे आपापसांत बोलायला हरकत नाही. कागदाची फुलं, राख्या, आकाशकंदील होतात. ते वाईट नाही. पण मुलाच्या घरात रोज वापरली जाणारी वस्तू त्या तासाला क्वचितच येते. तो तास वेळापत्रकात आहेच. नवीन शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही.

एवढं करून बघा

पालकहो, या महिन्यात घरातली एक छोटी दुरुस्ती मुलांसोबत करा. गाडीचं मीटर ठीक असेल तर सायकलची चेन बसवा, टॉर्चचे सेल बदला, दाराची सैल कडी आवळा. काम आपण करायचं, पण प्रश्न मुलांना विचारू द्यायचे. उत्तर येत नसेल तर "चल, मिळून शोधू" म्हणा. वेळ जास्त लागेल, हात काळे होतील, एखादा स्क्रू हरवेल. चालतंय.

शिक्षकांनो, उडालेले चार बल्ब गोळा करा आणि एक तास द्या. तो तास झाल्यावर वर्गातली दोन नावं वहीत लिहून ठेवा. एरवी जी मुलं बोलत नाहीत आणि त्या दिवशी बोलली, त्यांची. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदीची जागा असते. ‘बिघाड ओळखतो, कारण सांगतो, इतरांना समजावतो’ अशी नोंद तिथे जरूर करा. त्या मुलाच्या घरी कदाचित शाळेकडून आलेली ती पहिलीच चांगली ओळ असेल.

आणि आज रात्री घरी जाताना आपल्या गाडीचं मीटर एकदा बघा. पेटतंय का? नसेल तर उद्याचा पाठ तयार आहे.